लिंबाच्या वासाचं भूत

"हललं! पुन्हा हललं!" ढब्बूने चिमीताईचा दंड गच्च धरला.

तळ्यावर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. तरी जुन्या दगडी मोरीच्या तोंडातून काहीतरी पांढरं, फुगीर हळूहळू बाहेर सरकत होतं. आतून उसासे ऐकू येत होते. बेडूकही चिडीचूप होते.

"भूतबीत काही नसतं," मावसभाऊ दादा म्हणाला. मात्र तो उभा होता दोघांच्या मागे!

चिमीच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात लिंबाचा वास आला. हॉटेलातल्या तिच्या उशीच्या अभ्र्यालाही हाच वास होता!

"भूत आपल्याच साबणाने अंघोळ करतं?" ढब्बू कुजबुजला.

मावशी या तळ्याकाठच्या हॉटेलची मॅनेजर; चिमी आणि ढब्बू सुट्टीत तिच्याकडे आले होते. धुण्याचं पाणी मागच्या लव्हाळ्याच्या, खडी भरलेल्या वाफ्यात मुरून, स्वच्छ होऊनच तळ्यात जायचं. पर्यावरण जपणाऱ्या हॉटेलांना मिळणाऱ्या हिरव्या मानचिन्हासाठी ती दोन वर्षं राबली होती आणि परीक्षकबाई आजच आल्या होत्या.

तिघं वाफ्याकडे धावली. खडी ठणठणीत कोरडी! मोरीकडे जाणारा पाइप मात्र थरथरत होता, हाताला गरम लागत होता. म्हणजे भूत होतं धुण्याच्या साबणाचा फेस!

"परीक्षणापुरतंच थेट तळ्यात सोडलंय रे!" देखभालीचे काका मागून म्हणाले. "वाफ्यात सोडलं की तो घाण वास मारतो. बोललात तर मावशीच्या मेहनतीवर पाणी फिरेल हं!"

मावशीचं मानचिन्ह चिमीमुळे जाणार? पण मोरीतले उसासे तिच्या कानातून जाईनात.

काका वाट अडवून उभे राहिले. ढब्बूने पोट धरून असा काही गळा काढला, की काका पाणी आणायला पळालेच! चिमीने मावशीला ओढत तळ्यावर नेलं. मागोमाग परीक्षकबाईही आल्या.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "हे आमचंच पाणी आहे," ती बाईंना म्हणाली आणि तडक जाऊन तिने पाण्याची चावी वाफ्याकडे फिरवली.

"मानचिन्ह आज देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण खरी तपासणी या तिघांनी केली. शाब्बास!"

चिमीला रडू फुटलं. मावशीने तिला जवळ घेतलं. "वेडे, खोटं मानचिन्ह भिंतीवर लावून मला झोप लागली असती का?"

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी तळं काळंशार, नितळ होतं. एक बेडूक डरावला. मग सगळे!

"मी म्हटलंच होतं, भूतबीत काही नसतं," दादा म्हणाला.

"मग माझ्या मागून पुढे ये ना!" चिमी म्हणाली.