लुगड्याच्या काठाची दोरी

रूपलीबाईनं पिशवीतून दोरीचा तुकडा काढला आणि खासगी तपासनीस ममताच्या टेबलावर ठेवला. लाल-हिरवी, तिनंच जुन्या लुगड्याच्या काठांची विणलेली.

"नवऱ्याच्या मनगटाला होती. तापीतून काढला तेव्हा."

नवलसिंग सारंगखेड्याच्या यात्रेत जालमसिंगची घोडी सांभाळायचा. पांढरी राणी. पोलिस म्हणाले, घोडी चोरून नदीपार नेताना बुडाला. घोडी मिळाली नाही, त्यामुळे सगळे हळहळत होते. घोडीसाठी.

"पैसा नको," रूपलीबाई म्हणाली. "पोरगी शाळेत जाते. तिला चोराची पोरगी म्हणतात. तेवढं काढा."

"शेवटचं काय बोलला?"

"फोनवर म्हणाला, राणी अंग खाजवते, पाण्यात नेतो. हात काळे होते त्याचे. शेवटची आंघोळ घातली तरी काळं निघालं नाही."

ममताचा सहकारी लोटनमामा म्हणाला, "गाळ व्हई."

यात्रेत पहिला महावीर भेटला, किराणा दुकानदार. राणी त्यालाही हवी होती. जालमसिंगनं दिली नव्हती.

"नवलसिंग शेवटी कधी आला होता?"

"बुडायच्या आदल्या दिवशी. केसांच्या काळ्या रंगाच्या अठरा डब्या नेल्या. मालकाच्या डोक्याला पाहिजेत म्हणे."

जालमसिंग तंबूत रडत होता. फेटा काढून त्यानं टक्कल पुसलं.

"मन्ही राणी गयी, ताई. विमा व्हता म्हणीसन जगी ऱ्हायनू."

मागे काळी घोडी उभी होती, झुलीखाली.

"ही?"

"कालदिन इकत लई उनू."

लोटनमामानं तिला गूळ चारला. "काय घोडी शे. काळी कुळकुळीत, आनि नाक मातर गुलाबी."

ममता घोडीच्या गळ्यातल्या दोरीकडे बघत होती. मग तिनं हवालदाराला बोलावलं, रूपलीबाईलाही.

"टकल्या माणसाला अठरा डब्या कशाला?" ममता म्हणाली. "काळ्या घोडीचं नाक गुलाबी नसतं, मामा. ही राणी आहे. विम्याचे पैसे घ्यायचे आणि घोडीही विकायची, असा बेत. रंग नवलसिंगकडूनच लावून घेतला. तो गाळ नव्हता."

"मंग तो नदीवर कसाले गया?" मामानं विचारलं.

"रंगानं तिचं अंग पेटलं. ते त्याला बघवेना. दोरी मनगटाला गुंडाळून तिला पाण्यात नेलं, तिथं पाय घसरला."

"मी नही व्हतू तठे," जालमसिंग म्हणाला.

ममतानं नवलसिंगच्या मनगटावरचा दोरीचा तुकडा घोडीच्या गळ्यातल्या दोरीला लावला. लालला लाल मिळाला, हिरव्याला हिरवा. दोन्ही टोकं सुरीनं कापल्यासारखी सरळ.

"दोरी तुटली असती तर धागे उसवले असते. त्याच्या वजनानं घोडी खाली जात होती. तुम्ही दोरी कापून घोडी वाचवली. वर मेलेल्यालाच चोर केलं. पण पन्नास रुपयांची नवी दोरी घेतली नाहीत."

जालमसिंगनं दोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "जुनी चांगली व्हती."

रूपलीबाईनं हवालदाराला विचारलं, "चोर खोडलं का?"

"खोडतो, बाई."

"माझ्यासमोर खोडा."

त्यानं कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं. तरी रेघ ओढून होईपर्यंत ती बघत राहिली. मग घोडीच्या गळ्यातली दोरी सोडली, दोन्ही तुकडे पदरात बांधले. घोडीनं गुलाबी नाक तिच्या तळहाताला लावलं.

तंबूबाहेर गर्दी जमली होती. त्यातल्या एकानं हळूच भाव विचारला, "मंग आते घोडी कितलामा?"