एक लिफ्ट, दोन ट्रॅक्टर

बोल्ट इतका अलगद सुटला, की तिला संशयच आला. गंजलेला बोल्ट असा शहाण्यासारखा कधी सुटतो का? भंगारातल्या त्या जुन्या ट्रॅक्टरखाली ती पाठीवर झोपली होती. तिनं मान वळवली, तर पलीकडच्या बाजूनं त्याच बोल्टच्या नटावर आणखी एक पाना फिरत होता... आणि पान्यामागे काळ्या तेलानं माखलेलं एक नाक!

"ही लिफ्ट मी घेतलीय," ती म्हणाली.

"अजून निघाली कुठंय?" नाक म्हणालं. "अर्धी तुम्ही सोडवलीत, अर्धी मी."

झालं, जुंपली दोघांची. बागकामाचे ते चिमुकले ट्रॅक्टर बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. तिच्या आजोबांचा एक ट्रॅक्टर रोपवाटिकेत होता. ती आणि बाबा त्या ट्रॅक्टरनं माती लोटत, पण तेलाच्या दाबानं पुढचं पातं उचलणारी लिफ्ट निकामी झाली होती. तो नाकवाला तरुण खेळाचं मैदान सांभाळायचा. त्याच्याकडेही तसलाच ट्रॅक्टर, थोडा आधीचा, आणि त्याचीही तीच रड.

भंगारवाले मामा मजा बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "तोडून वाटली तर दोघांच्याही हाती लोखंडच येईल. आठवडाभर हिच्याकडे, आठवडाभर याच्याकडे. आणि भांडायचंच असेल तर घरी जाऊन भांडा, इथं गिऱ्हाईक बिचकतं!"

तेव्हापासून तो दर शनिवारी येऊ लागला. एका शनिवारी लिफ्ट बसवायला, दुसऱ्या शनिवारी काढून न्यायला. 'अहो-जाहो' दोन-तीन फेऱ्यांतच गळून पडलं. तिनं त्याचं नाव 'मैदान' ठेवलं, त्यानं तिचं 'रोपवाली'.

एक खोड मात्र होती. तिच्या ट्रॅक्टरला वर उचलणारा पाइप डावीकडे लागे, त्याच्याला उजवीकडे. ते उलटे जोडले, की दांडा वर ओढावा आणि पातं खाली जावं! म्हणून तिनं वर उचलणाऱ्या पाइपला लाल चिंधी बांधली होती. तरी तो दर वेळी चुकायचा.

"मैदान, लाल डावीकडे!"

"मी तुझ्याकडे बघत होतो..."

"मग पाइपाकडे कोण बघणार, बाबा?"

"बाबांना मध्ये आणू नका," कुंड्यांमागून बाबा म्हणायचे.

ती स्वतः कधीच चुकली नव्हती. पण शुक्रवारपासूनच तिचं लक्ष फाटकाकडे लागायचं. एकदा मध्येच सर आली, तेव्हा दोघं ताडपत्रीखाली खांद्याला खांदा लावून बसले होते. पाऊस थांबल्यावर दोघांपैकी कुणालाच ते कळलं नाही. बाबांना मात्र कळलं.

आणि मग त्या शनिवारी तो पोतं घेऊन आला. पोत्यात दुसरी लिफ्ट होती. अख्खी, धडधाकट.

"मिळाली एकदाची," तो म्हणाला. "ही तुझी, कायमची. आता अदलाबदल नको."

तिच्या मनात आलं, म्हणजे आता शनिवार संपले?

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझी खेप वाचली."

"बरं झालं, तर कुंडी का आपटलीस?" बाबांनी विचारलं.

ती ट्रॅक्टरखाली शिरली. तिनं लिफ्ट बसवली, पाइप आवळले. तो आसनावर बसला, इंजिन सुरू केलं. तिनं बाजूला उभं राहून दांडा वर ओढला...

पातं खाली गेलं. जमिनीत रुतलं, आणि ट्रॅक्टरचंच नाक वर उठलं! आसनावरचा तो मागे कलंडला आणि स्टिअरिंग धरून लोंबकळायला लागला.

"रोपवाली! पाइप उलटे जोडलेस? तू?"

"चिंधी कुठं बांधली होती या नव्या लिफ्टला!" असं ओरडून तिनं डोळे पुसले. तेलकट हातानं.

तो बघतच राहिला. "तू रडतेस?"

"मग काय नाचू? तू आता येणार नाहीस!"

"कोण म्हणालं? आधी मला खाली घे."

"आधी सांग."

तो तसाच तिरका बसून सांगू लागला. "ही लिफ्ट मला मागेच मिळाली होती. शेडमध्ये पोत्याखाली दडवून ठेवली. दर शनिवारी म्हणायचो, आज सांगू... आणि जुनीच काढत-बसवत राहायचो."

"लबाड! मग आज का आणलीस?"

"मन खात होतं. शिवाय मी लिफ्टसाठी येतो, असंच तुला वाटत राहिलं असतं. मला तुझ्यासाठी यायचंय. तू आवडतेस मला. येऊ?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. पण आनंदाच्या भरात तिनं दांडाच पुन्हा ओढला. ट्रॅक्टरचं नाक आणखी वर गेलं.

"हो म्हणतेय ती," कुंड्यांमागून बाबा म्हणाले. "आता उतरव त्याला, इंजिन तापतंय."

पुढच्या शनिवारी तो आला. ना पाना, ना पोतं, ना तेलाचा डबा. फाटकात उभा राहून तो मोकळ्या हातांचं काय करावं या विचारात पडला. कधी खिशात घाली, कधी पाठीमागे नेई.

"काय आणलंस?" तिनं हसत विचारलं.

"काहीच नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि आपला हात पुढे केला.