जखमेची फीत

किळस म्हणजे काय, थे मले विचारा. कामठीच्या छावणीत अठरा वर्षं फौजी कपडे शिवले मी. घामानं कडक झालेल्या बगला, मळक्या कॉलरी... एकेका कोटानंतर साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचो. बायको म्हणे, "एक दिवस कातडं निघन तुमचं." निघू दे म्हटलं. घाण मले सहन होतच नाही.

नोकरी सुटल्यावर पांढुर्ण्याले दुकान टाकलं. लोकं जुने बिल्ले, फिती घेऊन येत, "वामनभाऊ, आमच्या बुढ्याची पलटण कोणती, सांगा जरा." मी सांगायचो. पितळेचा बिल्ला हरपला तरी खाली न विटलेल्या कापडावर त्याचा आकार राहते. नजर पाहिजे फक्त.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. दुकानामागं व्यापाऱ्यानं सडकी संत्री फेकली होती, त्याचा आंबूस वास अन् माशा. भर दुपारी तिगावची कलाबाई आली. साठीची बाई, काखेत गाठोडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा गुलाब चव्वेचाळीसच्या लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला, थो गेलाच. ना माणूस आला, ना तार आली. तिच्या गाठोड्यात एक फौजी कोट होता, सौसरच्या एका म्हाताऱ्या शिपायाच्या पेटीत निघालेला. मरताना म्हातारा म्हणाला, गुलाबचा आहे.

"माझी तब्येत ठीक नाही जी," ती म्हणाली. "त्याची तेरवी केल्याबिगर मले जायचं नाही. कोट त्याचाच असन तर सांगा, कुंकू पुसतो अन् मोकळी होतो. एकेचाळीस वर्षं झाली वाट पाहून."

मी कोट मेजावर पसरला. दंडावर दोन पट्ट्या, म्हणजे नाईक. खांद्यावर पलटणीची पितळी अक्षरं नव्हती, भोकांभोवती हिरवा गंज होता. डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, सोनेरी बारीक फीत उभी शिवलेली.

"हे काय जी?" तिनं विचारलं. तिचं बोट फितीवर थांबलं होतं.

"जखमेची फीत. जवान लढाईत जखमी झाला का एक फीत लावतात."

फौजी दर्जीखान्यांची एक जुनी रीत होती. फीत लावण्याआधी खाली कापडावर जवानाचा नंबर पेन्सिलीनं लिहायचा, म्हणजे कोटांची अदलाबदल होत नाही. गुलाबनं लढाईवरून धाडलेलं एक पत्र कलाबाईजवळ होतं, त्यावर त्याचा नंबर होता, शेवटी चारशे सतरा. म्हटलं, फीत उसवली का झालं काम.

ब्लेडनं पहिला टाका तोडला. वास आला. मागची संत्री असतील, म्हटलं. दुसरा तोडला... नाही बाप्पा, हा वास संत्र्याचा नव्हता. तिसऱ्या टाक्याले फीत आपोआप उचलली गेली अन् तिच्याखालून पिवळं, घट्ट, कोमट असं काहीतरी माझ्या अंगठ्यावर उतरलं.

पू होता.

शी! माशा मागची संत्री सोडून मेजावर आल्या. हात झटकला तरी थो सुटेना, नखात गेला होता. कापड कोरडं ठणठणीत, फक्त फितीखालची तेवढी पट्टी लाल, सुजलेली, ओठासारखी उघडी. अन् तिच्या काठाशी पेन्सिलीचे आकडे. चार, एक, सात.

"त्याचाच आहे का जी?"

"...त्याचाच."

"मंग पुसू?"

मेलेल्या माणसाची जखम पिकत नाही. हे मले त्या घडीले कळत होतं, आजही कळते. पण मले थो कोट मेजावरून जायला पाहिजे होता, बस्स. मले हात धुवायचे होते.

"पुस बाई," मी म्हटलं. "गेला थो. कधीचाच गेला."

कलाबाईनं डोळे मिटले. पदराचं टोक बोटाले गुंडाळलं अन् हात कपाळाकडे नेला. तेवढ्यात मेजावरची बाही सरकली. वारा नव्हता, पंखा बंद होता. रिकामी, घाण टपकणारी थे बाही तिच्या मनगटावर येऊन पडली अन् तशीच राहिली... गच्च.

मी भिंतीले चिकटलो. ती ओरडली नाही. मनगटावरून पुवाचा ओघळ कोपरापर्यंत उतरला, तरी तिनं हात ओढला नाही. मले तिचीही किळस आली, खोटं कायले बोलू?

मंग तिनं पदर सोडला. कुंकू तसंच होतं.

"बरं," ती बाहीकडे पाहून हळूच म्हणाली. "नाही पुसत."

बाही सैल झाली. तिनं थे दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"उघडी नका ठेवू जी, माशा बसून राहिल्या. फीत शिवून द्या."

शिवली मी. सात टाके घातले. एकेका टाक्याले बाही आखडत होती, अन् कलाबाई तिच्यावरून हात फिरवत होती.