पांढऱ्या फियाटची धुलाई

सुमनबाई पगारे आग्रा रोडवरच्या कुलथे मोटार स्टोअर्सची पायरी चढल्या, तेव्हा हरिभाऊ कुलथे टायर काळे करायच्या पॉलिशचे डबे फडक्याने पुसत होते. बाईंनी डब्यांकडे पाहिलंही नाही.

"गर्गेसाहेब इथंच बसतात ना?"

हरिभाऊंनी माळ्याकडे जाणारा जिना दाखवला आणि चहा सांगायचं निमित्त करून स्वतःही मागोमाग वर गेले. वामन गर्गे पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासत. आता ते खासगी तपास करत, आणि हरिभाऊ त्यांच्याबरोबर हिंडत. हरिभाऊंना गाड्यांची निगा कळे. माणसं तितकी कळत नसत.

"आमच्या ह्यांना पोलिसांनी धरलंय," सुमनबाई म्हणाल्या. "सहादू पगारे. द्राक्षमळेवाले थेटेशेठ, कारभारी थेटे, त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. सोमवारी दिवेलागणीला मखमलाबादच्या रस्त्यावर भाजीवाली नवसाबाई गाडीखाली मेली. एका सायकलवाल्यानं मागून नंबर पाहिला. गाडी शेठचीच. शेठ म्हणतात, सहादू न विचारता गाडी घेऊन गेला, दारू प्याला, बाईला उडवलं आणि गाडी धुऊन आणून लावली."

"आणि सहादू काय म्हणतात?"

"शेठनं त्या दिवशी दुपारीच सुट्टी दिली. किल्ली दिवाणखान्यातल्या खिळ्याला लावून हे नांदगावला मामांकडं गेले. तर घराला कुलूप. आल्या पावली परत. कोणी पाहिलं नाही, साहेब. ह्यांनी आयुष्यात दारू घेतली नाही, पण ते सांगायला मी बायकोच." त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळलं. "उद्या पुन्हा कोर्टात उभं करणार. शेठचा वकील म्हणतो, गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी होईल. हे कबूल करायला निघालेत."

गर्ग्यांनी चहा तसाच ठेवला. "हरिभाऊ, चला. आधी गाडी."

* * *

पांढरी फियाट पोलीस ठाण्याच्या आवारात चार दिवस उन्हात उभी होती. फौजदार निकमांनी दार उघडलं आणि स्वतः चार पावलं मागे सरले.

आतून भपकारा आला. फिनेल, त्याखाली आंबलेली ओकारी, आणि त्या दोन्हींवर कुणीतरी शिंपडलेलं मोगऱ्याचं अत्तर. हरिभाऊंनी रुमाल नाकाला लावला.

"फिनेल?" ते रुमालातून म्हणाले. "गाडीत फिनेल कोण ओततं? रेक्झिनला साबणाचं कोमट पाणी घ्यावं, मऊ फडकं घ्यावं, पुसून दारं उघडी टाकून वाळवावं. ही काय मुतारी आहे?"

"आता तशीच झालीय," निकम म्हणाले.

सीटचा वरचा भाग घासून पुसलेला होता. गर्ग्यांनी मागच्या सीटच्या पुढच्या कडेखाली हात घातला, वर झटका दिला आणि अख्खी सीट उचलून बाहेर ठेवली. हरिभाऊ तोंड फिरवून भिंतीपाशी गेले. सीटखाली, डाव्या बाजूला, वाळलेला ओकारीचा थर तसाच होता. माश्या घोंगावत वर उठल्या.

गर्ग्यांनी चिमट्याने त्यातून काही तुकडे उचलले. "बघा."

"मला नाही बघायचं."

"सुपारीची खांडं. आणि लवंगा. चांगल्या पाच-सहा."

"गर्गे, मी आज जेवणार नाही."

डिकीत सहादूचा पांढरा गणवेशाचा सदरा सापडला होता. रक्त आणि ओकारी पुसून चुरगाळलेला. त्यावर ठिकठिकाणी फिकट हिरवट-निळे डाग होते. "नीळ," हरिभाऊ लांबूनच म्हणाले. "पांढऱ्या कपड्यांना घालतातच."

"नीळ अशी ठिपक्याठिपक्यांनी बसते?" गर्ग्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ते पुढच्या डाव्या चाकाजवळ उकिडवे बसले. रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडाला घासून रिमचा रंग हातभर निघाला होता आणि उघडं पडलेलं लोखंड तांबूस दिसत होतं.

"गंज," हरिभाऊ म्हणाले. इथे वास कमी असल्याने त्यांना धीर आला होता. "उघडं लोखंड, चार दिवस. रिम धुतल्यावर कोरडी करून मेण लावायचं असतं. लोक नुसत्या बादल्या ओततात."

गर्ग्यांनी फाटकाबाहेरच्या सरबतवाल्याकडून अर्धं लिंबू आणलं आणि तो तांबूस पट्टा चोळला. पट्टा निघाला नाही. घासलेल्या घागरीसारखा चकाकला.

"अरेच्चा," हरिभाऊ वाकले. "हे कुठलं पॉलिश? आपल्याकडे नाही असलं."

"नाशकात पोत्यांनी मिळतं," गर्गे म्हणाले आणि हात पुसत उठले.

* * *

गंगापूर रोडवरच्या बंगल्यात कारभारी थेटे झोपाळ्यावर बसले होते. बोलताना ते खिशातल्या चांदीच्या डबीतून लवंग आणि सुपारीचं खांड काढून तोंडात टाकत.

"चांगला ठेवला होता हो त्याला," ते म्हणाले. "घरच्यासारखा. पण ह्या लोकांना जमत नाही. मी त्या दिवशी रात्रीपर्यंत अंबडला कारखान्यात. घरी येऊन पाहतो तर गाडी ओली. मला तेव्हाच शंका आली."

"घरी कशाने आलात?"

"रिक्षानं. गाडी कुठं होती?" शेठ हसले. "वकिलाचा खर्च मीच करतोय. कबूल कर म्हटलं, तुझ्या बायकोला मी बघतो."

हरिभाऊंना पोलीस ठाण्यातला वास पुन्हा आल्यासारखं वाटलं.

शेठचे मेव्हणे गोविंदराव मुंबईहून पंधरवड्यासाठी आले होते. अंगातून अत्तराचा दरवळ. आरामखुर्चीत पाय पसरून त्यांनी उत्तरं दिली. "सोमवारी माझं पोट बिघडलेलं. दिवसभर इथेच, रेडिओ ऐकत पडलो होतो. बंगल्याबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"करमतं का नाशकात?"

"छे! वीज तरी धड आहे का तुमच्याकडे? सोमवारी ऐन दिवेलागणीला मळ्यातली लाइट गेली. पंप बंद, सगळा अंधार. कसली शेती करता?"

शेठचा मुलगा मुरलीधर अंगणात द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या रचत होता. तो नजर चुकवत बोलला. "मी सोमवारी कारखान्यातच होतो. दुसरी पाळी सुटेपर्यंत. अख्ख्या पाळीनं पाहिलंय."

"शेठही होते ना?"

मुरलीधर थांबला. "अण्णा? ते दुपारीच निघाले." मग घाईने, "म्हणजे, असतील कुठं तरी ऑफिसात."

"पेट्या गाडीतून नेता का?"

"नेतो की. मागची सीट उपसून ठेवली की भरपूर मावतात. मीच भरतो. सहादूभाऊंनीच शिकवलं. गाडी धुताना ते आधी सीट काढतात, मग पायपुसणी, मग बाकीचं. सीट न काढता धुतलेली गाडी त्यांना चालतच नाही."

"आणि मळ्यातली फवारणी कोण बघतं?"

"अण्णा. लहान होतो तेव्हापासून त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलंय. अजूनही हंगामाचा पहिला विळा तेच बुडवतात."

विळ्याचं काय, हे हरिभाऊंना कळलं नाही. विचारलं तर गर्गे म्हणाले, "मळ्यात दिसेल."

* * *

मळा मखमलाबादच्या पुढे होता. अपघाताच्या जागेवरून पाच मिनिटांत पोचले. राखणदारीण ठमाबाई विहिरीजवळ प्लॅस्टिकच्या पिंपात काठीने ढवळत होती. पाणी आभाळासारखं निळं होतं.

"मोरचूद," ती म्हणाली. "रातभर भिजत घालायचा. सकाळच्याला चुना मिसळायचा न् वेलावर मारायचा. लोखंडाच्या भांड्यात नाय चालत, भांडं खाऊन टाकतो." तिने दुसऱ्या पिंपातल्या चुना घातलेल्या द्रावणात विळा बुडवला, वर काढून उन्हात धरला. पात्यावर तांबूस झाक आली होती. "बघा, लाल आला. चुना कमी पडला. आजून टाकावा लागंल, नायतर पानं जळत्यात."

"सोमवारी इथे कोण होतं?"

"कोन न्हवतं. शेठच म्हनले, जा कळवनला, भाचीचं लगीन हाय ना, दोघं बी जा. लय नवल वाटलं. कधी सुट्टी देत नाय. मंगळवारी येतो तं भिजत घातलेलं पिंप निम्मं खाली! म्हशीनं सांडलं आसंल म्हनलं. न् ही बादली बघा."

लोखंडी बादलीचा पत्रा जिथे झिजून उघडा पडला होता, तिथे आतून विळ्यासारखाच तांबूस झाला होता. पंपाच्या खोलीमागे मटणाची हाडं आणि दोन रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. त्यांवर मुंग्या लागल्या होत्या.

"त्ये बी मीच उचलायचं," ठमाबाई थुंकली.

"त्या दिवशी वीज होती का?"

"शेजारचा बहिरू म्हनला, दिवे लागायच्या आतच गेली ती रातभर नाय. आमच्याच ओळीची. तिकडं बंगल्याकडं व्हती."

गर्ग्यांनी बादली मागून घेतली.

* * *

दुपारी आवारात सगळे जमले. फियाटची दारं सताड उघडी होती. गर्ग्यांनी शेठ आणि गोविंदराव यांच्यासाठी खुर्च्या मुद्दाम गाडीजवळ ठेवायला लावल्या होत्या. गोविंदरावांनी रुमाल काढला. मुरलीधर उभाच राहिला. सहादूला कोठडीतून आणलं होतं. बुटका, काळासावळा, मान खाली. सुमनबाई त्याच्या शेजारी.

"ही गाडी कोणी धुतली एवढाच प्रश्न आहे," गर्गे म्हणाले. "धुणारा सापडला की मारणारा सापडला. सहादू, तुम्ही गाडी आतून कशी धुता?"

"आधी सीट काढतो, साहेब."

"इथे सीट काढलीच नाही. वरून फिनेल आणि अत्तर, खाली सगळी घाण. रोजच्या सवयीचा माणूस जीव वाचवायला गाडी धुवेल तेव्हा तर आधी सीटच उचलेल. म्हणजे सहादू नव्हेत. मुरलीधरही नव्हेत. तेही सीट काढतात, शिवाय ते कारखान्यात होते."

"हा काय पुरावा झाला?" शेठ म्हणाले. "प्यालेला माणूस काहीही विसरतो."

"प्यालेला ड्रायव्हर पुढे बसून मागच्या सीटवर ओकत नाही, शेठ. ओकारी मागे डावीकडे आहे. मालकाच्या जागी. तिच्यात सुपारी आणि लवंगा आहेत." गर्ग्यांनी कागदाची पुडी उघडली. "तुमच्या डबीतली खांडं शेजारी ठेवू?"

शेठचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"म्हणजे मागे शेठ होते आणि चालवणारा दुसरा. आता चाक बघा. हरिभाऊंना हा गंज वाटला, मग पॉलिश वाटलं. हे तांबं आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. त्याच्या पाण्यात उघडं लोखंड गेलं की त्यावर तांबं चढतं. द्राक्षवाले विळा बुडवून तेच बघतात. ही बादली मळ्यातली. तिलाही तोच रंग. सदऱ्यावरची निळाई नीळ नाही, मोरचूद आहे. गाडी मळ्यात धुतली. वीज गेलेली, म्हणून पंप बंद. अंधारात पिंप हाताला लागलं आणि धुणाऱ्याने ते पाणी समजून बादल्या ओतल्या."

"मग तो मळ्यातलाच कोणी," गोविंदराव म्हणाले.

"मळ्यातल्या कोणीही ते पिंप उपसलं नसतं. हंगामात त्यात काय असतं ते मुरलीधरना लहानपणापासून माहीत आहे. शेठ जागे असते तर त्यांनी हात धरला असता. त्या घरात एकच माणूस असा, ज्याला सीट निघते हेही ठाऊक नाही आणि पिंपात काय असतं हेही." गर्गे त्यांच्याकडे वळले. "तुम्ही बंगल्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बंगल्यावर वीज होती, तुम्ही रेडिओ ऐकत होता. राखणदार कळवणला. शेठ म्हणे अंबडला. मग मळ्यातली वीज दिवेलागणीला गेली आणि पंप बंद पडला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

गोविंदरावांनी रुमाल खाली घेतला. गाडीतून माश्या घोंगावत होत्या.

"मी झोपलो होतो," शेठ एकदम म्हणाले. "मला काही माहीत नाही. बाटली संपली, आणखी आणू म्हणून हाच मला गाडीत घालून निघाला. डोळे उघडले तेव्हा हा मळ्यात गाडी धूत होता."

"वा, दाजी!" गोविंदराव उठले. "आणि डिकीतला सदरा काढून कोणी दिला? ‘ह्यानंच पूस, म्हणजे त्याच्यावर जाईल’ हे कोण म्हणालं? मी?"

"गप बस!"

"‘अत्तर तुझंच शिंपड’ म्हणालात!"

"ती जिवंत होती का?" मुरलीधरने विचारलं.

शेठ खुर्ची मागे सारून उठू लागले.

"अण्णा, मी काय विचारतोय? गाडी मळ्याकडे वळवली तेव्हा ती बाई जिवंत होती का?"

"कण्हत होती," गोविंदराव पुटपुटले.

हरिभाऊ फाटकाबाहेर जाऊन गटारावर वाकले. या वेळी कारण गाडी नव्हती. परत आले तेव्हा निकमांचे शिपाई दोघांना आत नेत होते, आणि शेठ दारातूनही सांगत होते की गाडी त्यांनी चालवलेलीच नाही.

निकमांनी सहादूला मोकळं केलं होतं आणि मुरलीधर त्याच्यासमोर हात जोडून उभा होता. "सहादूभाऊ, मला शंका होती. मी बोललो नाही. तुम्ही परत या. पगार वाढवतो, म्हणाल ते करतो."

सहादूने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "त्या बाईचं नाव काय होतं, मालक?"

मुरलीधरने तोंड उघडलं. त्याला सांगता आलं नाही.

"कोठडीत मी रोज विचारायचो," सहादू म्हणाला. "तुमचा वकील म्हणायचा, नाव कशाला पाहिजे, नुसतं हो म्हण."

"नवसाबाई," सुमनबाई म्हणाल्या. "घर मळेकऱ्यांच्या आळीत. मी परवा जाऊन आले, पण मला दारात उभं केलं नाही. मारेकऱ्याची बायको म्हणाल्या तिच्या सुना."

सहादूने चपला घातल्या. "चल. आता दोघं जाऊ."

"आधी घरी जाऊन अंघोळ तरी करा," हरिभाऊ म्हणाले. "चार दिवस कोठडीत होतात."

"नको, साहेब. अजून कोणी त्यांना जाऊन सांगितलेलं नाही, कोणी मारलं ते."

आणि ती दोघं मखमलाबादच्या रस्त्याला चालत लागली.