मी शेजारी असले की बंद पडणारं पॅनेल

यमदूताशी माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं पॅनेल त्याच्या हातात होतं, आणि नुकतंच गेलं होतं. मी खरं तर टेस्टिंगच्या खोलीत भिंग मागायला डोकावले होते.

"तुमचं का हे?" त्याने विचारलं. "सकाळपासून बिचारं निमूट चाललं होतं."

"मग काय केलंत त्याला?"

"काही नाही. तुम्ही आलात... आणि ते गेलं."

भिंग उचलून मी तोंड वाकडं करून निघाले. वस्तू मोडून दाखवणं हेच ज्याचं काम, त्याला आमच्या डिझाइनच्या खोलीत यमदूत म्हणायचे. नवा यमदूत इतका देखणा आहे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

पॅनेलची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या उशाशी बसणारी ती टचस्क्रीन, बोट लावलं की नर्सला कळणार. माझं स्वतःचं असं पहिलं डिझाइन. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलची माणसं बघायला येणार होती. तेव्हा ते बंद पडलं तर बाहेरून तयार पॅनेल घ्यायचं आणि मी पुन्हा दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासत बसायचं, असं आमच्या प्रमुख मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. पॅनेल मजेत चालू होतं. त्याने ते कडेला धरून माझ्याकडे वळवलं, माझ्याकडे बघून हसला... आणि स्क्रीन काळी. पंख्याखाली ठेवलं तर थोड्या वेळाने आपोआप सुरू. त्यानंतरही जेव्हा जेव्हा गेले, तेच.

"राग आहे त्याचा तुमच्यावर," तो म्हणाला.

"माझ्यावर? मी जन्म दिलाय त्याला."

"म्हणूनच असेल. मीही आईसमोरच जास्त आजारी पडायचो."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. घरी वहिनी म्हणाली, "कुणाचा एवढा राग काढतेस पोळीवर?" मी विषय बदलला.

शेवटी एकदा मी ते बंद पडलेलं पॅनेल तसंच उचललं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. काचेच्या कडेला ओला ठसा होता. अंगठ्याचा. वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या बारीक रेषा जिथे वायरच्या जोडणीकडे वळतात, बरोबर तिथे. जोडणीपाशी मी वरचा इन्सुलेशनचा थर जरा आधीच थांबवला होता. त्यात दिसायला नीटनेटकं म्हणून प्लसची आणि मायनसची रेषा अगदी खेटून ठेवली होती. ओल आत झिरपली की दोन्ही एक व्हायच्या आणि शॉर्ट सर्किट व्हायचं. वाळलं की पुन्हा सगळं आलबेल.

"बाकी कुणालाच कसं नाही सापडलं हे?" मी विचारलं.

"बाकीचे हातमोजे घालून तपासतात. मला मोज्यातून काही कळत नाही, मी काढून ठेवतो."

"पण तुमच्या हातातही सकाळभर चालतं की. हाताला घाम येतो तुम्हाला?"

"एरवी नाही येत."

"मग कधी येतो?"

तो काच पुसायच्या फडक्याची घडी घालू लागला. उगाचच. घातलेली मोडून पुन्हा घालू लागला.

"तुम्ही दारात दिसलात की—" तो म्हणाला. "सांगणार होतो. पण बिघाडाचं कारण म्हणून असं काही सांगतात का कुणी?"

माझे कान तापले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "पेशंटच्या हातालाही घाम असतोच. तापाने, भीतीने... बरं झालं तुम्ही घाबरलात."

"घाबरलो नाही," तो म्हणाला. "आवडलात."

मी चक्क पळून आले. आणि त्या भरात असं काम केलं की विचारू नका. प्लसची रेषा जोडणीच्या एका टोकाला नेली, मायनसची दुसऱ्या टोकाला, मध्ये भरपूर मोकळी जागा. इन्सुलेशनचा थर थेट जोडणीला भिडवला. नमुने बनवणाऱ्या काकांच्या हातापाया पडून नवं पॅनेल वेळेत करून घेतलं.

हॉस्पिटलची माणसं आली. त्यांच्यातल्या मोठ्या सिस्टरनी पहिलाच प्रश्न टाकला, "ओल्या हाताने चालेल का?"

मॅडमनी यमदूताकडे पाहिलं. त्याने हातमोजे काढले आणि पॅनेल नेमकं त्याच कडेला धरलं. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले, आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मलाही आवडलात," मी हळूच म्हणाले. "तपासा आता."

त्याचा चेहरा लाल झाला. अंगठा इतका ओला झाला की काचेच्या कडेने बारीक ओघळ निघाला. सगळे वाकून बघत होते. स्क्रीन लख्ख चालू होती. सिस्टरनी स्वतः बोट लावलं, आणि पलीकडच्या खोलीत घंटी खणखणीत वाजली.

"हेच घेऊ आम्ही," सिस्टर म्हणाल्या.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "पॅनेल पास झालं," त्या म्हणाल्या. "आता त्याचा हात सोडलास तरी चालेल."

मी सोडला नाही.