आधी लेकरं

पाहुणा शाळेच्या अंगणात शिरला तेव्हा चुलीवर माझ्या मुगाच्या घुगऱ्या रटरटत होत्या. फेटा नवा, धोतर धुळीनं माखलेलं, आणि डोळे थेट पातेल्यावर!

"बाई, लई भूक लागून राहिली. जरा वाढा की."

"लेकरांच्या आधी कोनाला न्हाई. आन् खायचं तर काम करावं लागतंय. हा शेवग्याचा पाला निसा."

तो हसला... आणि चक्क मांडी घालून बसला. पाला निसता निसता माझ्याकडे बघत होता. मीही बघत होते, फक्त त्याला कळू दिलं नाही.

"रोज शिजवता?"

"रोज. आमच्या साखरा गावची लेकरं मिरची-भाकरीवर शाळेत यायची, दुपारी भोवळ येऊन पडायची. मग घरोघरी फिरून मूठ-मूठ मूग मागितला."

"कुनीच न्हाई म्हनलं न्हाई?"

"मला?"

तो खदखदून हसला. लेकरं उठल्यावर तळाची खरड मी त्याला वाढली. बोटं चाटून खाल्ली त्यानं. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी मला बघायला सेनगावकडचे पाहुणे येणार होते. पानसुपारीचं तबक घेऊन मी बाहेर आले, तर समोर तोच! नाव ग्यानबा. नखं अजून शेवग्यानं हिरवी होती.

"ही आमची मंजुळा," आबा म्हणाले. "काही विचारायचं का पोरीला?"

ग्यानबानं मान वर केली. "आमच्या गावातबी शाळा हाय. पन् तिथं चूल न्हाई... येता का मांडायला?"

पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. मला मात्र बरोबर कळलं, आणि लगेच हो म्हणावंसं वाटलं. पण याच पातेल्यापायी मी आधीचं एक स्थळ परत पाठवलं होतं. मी गेल्यावर इथली लेकरं पुन्हा उपाशी बसली तर?

"यीन," मी म्हणाले. "पन् आधी इथली चूल दुसऱ्या हाताला बसू द्या. तवर माझं पाऊल हलायचं न्हाई."

आबांनी कपाळाला हात लावला. ग्यानबा शांतपणे म्हणाला, "बराबर हाय. आमी थांबतो."

थांबला, पण घरी कुठला बसतोय! दर बाजाराच्या दिवशी मुगाचं गाठोडं घेऊन हजर. मी शेजारच्या आशाबाईला शिकवत होते. तिच्या हातून मीठ जास्त पडलं की हा घास गिळून माझ्याकडे बघायचा, "अजून महिनाभर थांबावं लागतंय... व्हय ना?" मी लाजून चूल फुंकायला वळायचे. चूल चांगली पेटलेली असायची.

तुरी काढणीला आल्या तेव्हाची गोष्ट. लेकरं आशाबाईकडे पुन्हा पुन्हा घुगऱ्या मागत होती, माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. जरा रडू आलं, आणि खूप बरंही वाटलं. लेकरं उठली. ग्यानबा नेहमीसारखा शेवटी बसला होता.

त्या पंगतीत मी कधीच बसले नव्हते, वाढणारीनं उभ्यानंच खायचं. त्या दिवशी मात्र पदर सावरला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. तो बघतच राहिला.

"लेकरांचं झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "आता आपलं."