मालकीण हाय घरी

ऐका मंग, पण मधी कुणी उठायचं न्हाई. वामन माझ्या रोजच्या उठबशीतला माणूस. उगं फेकाफेकी करणारा न्हाई. जालन्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात कामाला होता. खाटा दहाच. कुणाला दाखल करायचं न् कुणाला गोळ्या देऊन घरी धाडायचं, ते तोच ठरवायचा. त्याचा पहिला सवाल ठरलेला, "घरी सांभाळायला कोण हाय?"

एक दिवशी धावड्याचा पुंजाराम आल्ता. हात असे कापत होते की पाण्याचा गिलास ओठाला लागंना. म्हणाला, "मालकीण हाय घरी."

झालं. वामननं गोळ्या दिल्या, दारू बिलकुल बंद म्हणून बजावलं न् धाडला घरी.

तिसऱ्या दिवशी, नऊ डिसेंबर चौऱ्याण्णव, शुक्रवारी, एक खाट रिकामी झाली. वामनच्या जिवाला चैन पडंना. दारू एकदम तुटली की काहींना झटके येतात, माणूस दगावतो, हे त्याला बराबर ठाऊक. जीप काढली. धावड्यात पोचायला रात्रीचे साडेआठ वाजले. गावात लाईट गेल्ती.

दार बोटभर उघडलं. आत बाई. तोंडावर पदर.

"पुंजाराम कसाय, वहिनी?"

"निजलेत."

"खाट मोकळी झालीय. घेऊन जातो त्याला."

"कशाला... मी हाय ना."

आत बाज खडखडली. वामनचा पाय उंबऱ्याकडं गेला, न् थांबला. रात्रीची येळ, एकटी बाई. परका माणूस घरात शिरत नसतो. मेली ती रीत.

"बघू तरी द्या..."

दार लागलं. कडी वाजली.

खडखड थांबली...

निजला असंल, म्हणून वामन माघारी फिरला. रात्र भोकरदनला काढली. डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी परत गेला तर दारापुढं माणसं जमलेली.

"मालकीण कुठाय?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं.

"कोण मालकीण? नंदाबाईला जाऊन दोन वर्षं झाली, साहेब. हा आपला दोन महिन्यांपासून तिच्यासंग बोलून राह्यलाता."

नसलेलं माणूस दिसतंय, त्याला तर सगळ्यात आधी दाखल करायचं असतं.

दार आतून बंद. खिडकी न्हाई. फोडून आत गेले. पुंजाराम बाजेवर, गार पडलेला. दोन्ही हात, दोन्ही पाय लुगड्याच्या काठानं बाजेला बांधलेले. दारू सुटताना माणूस उठून पळतो, म्हणून घरची बाई बांधती ना, तसे.

एक हात माणूस आपला आपण बांधील. पण दुसरा...